डब्यातलं उकडलेलं अंडं : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

सकाळी नळ, शाळेची रिक्षा आणि एमआयडीसीची शिफ्ट एकाच वेळी अंगावर येतात. रोज भाजी चिरणं होत नाही. म्हणून आमच्या जळगावच्या घरात आदल्या रात्रीच अंडी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेली असतात. डब्यात आमलेटचं चामडं होतं आणि अंडाकरी दप्तरात सांडते, उकडलेल्या अंड्याचा असा काही त्रास नाही. पण नुसतं मीठ-मिरपूड लावून खाणं म्हणजे आजारी माणसाचं जेवण! तुम्ही काय करता? मेयोनीजची सँडविचं नकोत, भाकरी-पोळीशी जमेल असं सांगा. उन्हाळ्यात काय करता, घरात अंडं चालत नसेल तर कसं निभावता, तेही येऊ द्या.

अमळनेरकरीण
ठेचा-अंडी. लोखंडी तव्यावर जरा सढळ तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजायचे. जाडं मीठ टाकून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचे. मग ठेचा एका बाजूला सारून त्याच तेलात अर्धी कापलेली अंडी बलकाची बाजू खाली करून ठेवायची आणि हात लावायचा नाही. मिनिटभराने उलथन्याने उचलली की बलकाला तांबूस कड आलेली असते, मिरचीच्या बिया आणि शेंगदाण्याचा भुगा चिकटलेला असतो. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद दळलेले असल्यामुळे ती गार झाली तरी चवीला उतरत नाही. नवऱ्याच्या डब्यात मिरच्या निम्म्याच घालते. तो कोल्हापूरचा असून!

लाइनबॉक्स, भुसावळ
मी मालगाडीवर. ड्यूटी कधी सुटेल याचा भरवसा नाही, म्हणून अंडी सोलून न्यायची नाहीत. कवचासकट न्यायची, सोबत कागदाच्या पुडीत काळा मसाला आणि मीठ. रनिंग रूमवर (गाडीवरच्या स्टाफची विश्रांतीची जागा) पोचलो की सोलायची, कांदा हाताने फोडायचा, झालं जेवण. पण हे थंडीतलं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो, आणि उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, ३२ अंशांच्या पुढे तर एकच तास. तेव्हा होळीनंतर अंडं घरीच खाऊन निघायचं. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कैरी.

माळकऱ्यांच्या घरातली
चोपड्याला सासर. सासूबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडी मागच्या पडवीत, वेगळ्या पातेल्यात. उकडलेल्या अंड्याची सोय इथे कळते : फोडणी नाही, खरकटं नाही, घरभर वास नाही. टरफलं थेट गुलाबाच्या कुंडीत. सासूबाई पडवीकडे फिरकत नाहीत, पण नातवाला रोज विचारतात, “आज आणलं का रे डब्यात?” श्रावण लागला की पातेलं माळ्यावर.

शिरपूरचा होस्टेलवाला
भत्ता! मुरमुरे, शेव, कांदा, कच्चं तेल, तिखट, त्यावर अंडं कुस्करून. अंडं खायच्या वेळी टाका, आधी टाकलं तर मुरमुरे मऊ पडतात. बाकी पाककला आमच्याकडे नाही.

नवी गृहिणी, यावल
माझ्या अंड्यांच्या बलकाभोवती हिरवट कड येते. खराब असतात का? आणि गावरान अंडं सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलाबरोबर का जातो?

केमिस्ट्रीवाले सर, पाचोरा
खराब नाही, जास्त शिजलेलं असतं. पांढऱ्या भागातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड होतो, त्याची बलकातल्या लोहाशी गाठ पडते आणि आयर्न सल्फाइडची ती कड दिसते. खायला हरकत नाही. पाणी उकळायला लागल्यावर अंडी सोडा, दहा-बारा मिनिटांनी काढून लगेच गार पाण्यात टाका. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या कामाचं नाही, माठातलं घ्या.
सोलायचं म्हणाल तर ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यामुळे पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला धरून बसतो. दिवस जातात तसा तो वायू कवचातून निघून जातो आणि अंडं सुटं होतं. कोंबडीखालून आजच काढलेलं अंडं तव्यावर फोडा, उकडायला आठवडाभर जुनं ठेवा.

गुरुजी, धडगाव
शाळेतलं सांगतो. शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळी. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबला. अंड्याच्या वारी पोरं लवकर यायची. निम्मी जण तिथे खायची, निम्मी धाकट्या भावंडासाठी खिशात घालून न्यायची. खिशातलं अंडं फुटू नये म्हणून त्या दिवशी कबड्डी बंद.

धुळेकर
कोणीच शेवभाजीचं नाव काढलं नाही? रात्रीचा रस्सा उरतोच. सकाळी तो आटवून दाट करायचा, अंड्यांना सुरीने चिरा देऊन त्यात सोडायची म्हणजे मसाला आत जातो. शेव वेगळ्या डबीत न्यायची आणि ताटात वाढल्यावर वरून टाकायची. तीही जाड, तिखट शेव. बारीक शेवेचा लगदा होतो.

अमळनेरकरीण
धुळेकर, रश्श्याचा मसाला प्रमाणासकट टाका. खोबरं किती भाजता तेही, कारण आमच्याकडे ते काळंकुट्ट होईपर्यंत भाजतात आणि त्यावरून घरात भांडणं आहेत.