मदत हवी आहे : सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल तपासणी ३ महिन्यांनी की ६?

आईला (वय ५८) गेल्या वर्षी सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) निघाला. तेव्हापासून त्यावरची गोळी इमॅटिनिब रोज ४०० मिग्रॅ चालू आहे. बीसीआर-एबीएल (आजार किती शिल्लक आहे ते दाखवणारी रक्ताची जनुकीय तपासणी) ३ महिन्यांनी ८.२ टक्के, ६ महिन्यांनी ०.९ आणि आता वर्षाच्या तपासणीत ०.१६ टक्के आलं. वर्षभरात ०.१ च्या खाली जायला हवं होतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. मधे घरच्या लग्नाच्या गडबडीत तिच्या आठ-दहा दिवस गोळ्या चुकल्या, हे तिने आत्ता सांगितलं. त्यात या वेळचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आहे. दोन्हींवर 'इंटरनॅशनल स्केल' (वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकाच मापात आणायची पद्धत) लिहिलंय, तरी आकडे सरळ ताडून बघता येतात का?

मोठे डॉक्टर म्हणतात, गोळी बदलायची घाई नको, ३ महिन्यांनी पुन्हा बघू. आई म्हणते, सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) नॉर्मल आहे, मग दर वेळी एवढा खर्च कशाला, ६ महिन्यांनी करू. पण सीबीसी नॉर्मल असलं तरी आजार पेशींमध्ये शिल्लक असू शकतो, तो बीसीआर-एबीएल तपासणीतच दिसतो. हे तिला कसं पटवू?

ज्यांचा आकडा वर्षाला असा थोडक्यात अडला होता, त्यांचा पुढे खाली आला का? किती दिवसांत? डॉक्टरांनी म्युटेशनची (जनुकातल्या बदलामुळे गोळी लागू पडत नाही का, ते बघणारी) तपासणी सांगितली होती का? आणि बीसीआर-एबीएल तपासणी सवलतीत कुठे होते, माहीत असेल तर कृपया सांगा. पुढची तारीख या आठवड्यातच ठरवायची आहे.