मदत हवी आहे: ऑफिसच्या लिंगभाव धोरणावर सोमवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचंय

सायली_क
सोमवारी सकाळी दहाच्या आत एचआरला उत्तर पाठवायचंय आणि कालपासून चार ओळी जमत नाहीयेत. ऑफिसात लिंगभाव धोरणाचा मसुदा आलाय. सगळ्यांनी ईमेलच्या सहीखाली आपली सर्वनामं, म्हणजे आपल्याला 'तो' म्हणायचं की 'ती', हे लिहायचं, आणि स्वच्छतागृह व कपडे बदलायची खोली ज्याने त्याने आपल्या ओळखीप्रमाणे वापरायची. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की त्या खोलीत आडोशाची काही सोय करणार का. दुसऱ्या दिवशी मेल आली: 'आपल्या प्रश्नामुळे काही सहकाऱ्यांना असुरक्षित वाटले. आपली बाजू लेखी कळवावी.'
माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ट्रान्स आहे. तिला दुखवायचं नाहीये, पण न पटलेल्या कागदावर सहीही करायची नाहीये. शनिवारी ज्या बायकांच्या गटात काम करते तिथेही सभासद कोणाला करायचं यावर मतदान आहे, निम्म्या जणी एकमेकींशी बोलत नाहीत. कोणी यातून गेलंय का? काय लिहू?

जुना_वाचक
ताई, घाबरू नका. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा बघा. कलम ९ म्हणतं, नोकरीत भेदभाव करायचा नाही. कलम ११ प्रमाणे आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. आधी विचारा, तुमच्याकडे तो नेमलाय का? नसेल तर तिथेच त्यांचं चुकलं.

प्राची_म
पण तक्रार नक्की कोणाची आहे? यांनी केली की यांच्यावर झाली? आणि पॉश समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीकडे, गेलंय का? तसं असेल तर प्रक्रियाच वेगळी.

ढगफुटी
सही करा आणि मोकळ्या व्हा. नोकरी महत्त्वाची. दोन सर्वनामं लिहिल्याने कुणाचं काय जातं?

अनघा७
'काय जातं' म्हणणं सोपं आहे. सक्ती आणि सौजन्य यात फरक आहे. माझ्या आधीच्या ऑफिसात हे ऐच्छिक होतं, तेव्हा बहुतेकांनी आपणहून लिहिलं. सक्तीचं झालं आणि भांडणं सुरू झाली. शिवाय जिने अजून घरी सांगितलेलं नाही तिला रोज खोटं लिहायला लावणं किंवा उघडं पाडणं, दोन्ही वाईटच.

सायली_क
@जुना_वाचक, @प्राची_म, मी भारतात नाही, लंडनमध्ये आहे. प्रोफाइलमध्ये आहे म्हणून लिहिलं नाही. माझ्यावर अजून औपचारिक तक्रार नाही, फक्त ती मेल.

टेम्स_काठी
मग सगळं उत्तरच बदललं! तिथे २०१० चा समानता कायदा लागू. त्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्यं आहेत. लिंग, लिंगबदल आणि धर्म किंवा श्रद्धा ही तिन्ही वेगवेगळी. आपल्या मतांमुळे काम गमावलेल्या माया फॉरस्टेटर यांच्या खटल्यात जून २०२१ मध्ये नोकरीविषयक अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की जैविक लिंग बदलत नाही हे मतसुद्धा कायद्याने संरक्षित आहे. २०२२ मध्ये फॉरस्टेटर भेदभावाचा दावाही जिंकल्या. म्हणजे प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला शिक्षा करता येणार नाही. हे ठणकावून लिहा.

निमा
ठणकावून लिहायच्या आधी अर्धा निकाल झाकू नका. त्याच निकालात म्हटलंय की हे मत असणाऱ्यांना ट्रान्स माणसाला मुद्दाम चुकीच्या लिंगाने हाक मारायची मोकळीक मिळत नाही. आणि मॅकरेथ खटला? ते डॉक्टर लोकांना त्यांच्या पसंतीची सर्वनामं वापरायला तयार नव्हते. २०२२ मध्ये अपील हरले. मत संरक्षित आहे, वागण्याला मर्यादा आहे.

टेम्स_काठी
आणि १६ एप्रिल २०२५? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की समानता कायद्यातल्या 'स्त्री'चा अर्थ जैविक लिंगानेच घ्यायचा. ओळखीप्रमाणे खोली वापरायचा हा मसुदा बहुतेक त्याआधीचा उतारा असणार.

निमा
त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की लिंगबदल या वैशिष्ट्याखाली ट्रान्स लोकांचं संरक्षण तसंच आहे. कुणी जिंकलं म्हणून नाचायची वेळ नाही ही. शेजारच्या टेबलावरची ती मुलगी उद्या कुठल्या खोलीत जाणार, हे तुम्ही सांगा.

स्क्रू_ड्रायव्हर
मी इमारत देखभालीत आहे, कायद्याच्या वादात पडत नाही. धागाकर्तीला तीन प्रश्न: संडासांना स्वतंत्र खोली आहे, की एका हॉलमध्ये पार्टिशन? दरवाजा जमिनीपर्यंत आहे का? बेसिन आत की बाहेर? १९९२ च्या कामाच्या जागेच्या नियमांत पुरुष-स्त्रियांची सोय वेगळी लागते, पण प्रत्येक संडास स्वतंत्र खोलीत असेल आणि दार आतून बंद होत असेल तर ती अट उरत नाही. मग दारावर कुणाचं चित्र लावायचं हा प्रश्नच मिटतो. कपडे बदलायच्या खोलीलाही दोन-तीन बंद कप्पे करता येतात. प्लायवूड आणि बिजागरी, आठवड्याचं काम.

सायली_क
संडास पार्टिशनचे, खालून वीतभर मोकळे. बेसिन बाहेर. कपडे बदलायची खोली एकच, एक बाक, दहा खुंट्या, बाजूला शॉवर. सायकलने येणारे सात-आठ जण वापरतात, त्यात मी आणि ती दोघीही. ती नेहमी सगळे गेल्यावर जाते. मी आडोशाचं विचारलं ते खरं तर दोघींसाठी.

अनघा७
मग हेच लिहा ना! हे वाक्य मेलमध्ये का नाही?

कावेरी
मी स्वतः ट्रान्स आहे, म्हणून 'सगळे गेल्यावर जाते' हे वाचून थांबले. आम्ही बहुतेक जणी असंच करतो. मला या मसुद्यापेक्षा बंद होणारा दरवाजा जास्त हवा आहे. सर्वनामांची सक्ती मलाही नको. इंग्रजीत निदान स्वतःबद्दल बोलताना लिंग सांगावं लागत नाही. मराठीत 'मी आलो' की 'मी आले', तोंड उघडलं की ठरवावंच लागतं. पहिल्यांदा आईसमोर 'मी आले गं' म्हणाले तेव्हा ती विळीवर मेथी चिरत होती. हात थांबला, पण वर पाहिलं नाही तिने. मग म्हणाली, 'आलीस? हातपाय धू.' कुठल्याही धोरणाने मला हे दिलं नसतं. पण ऑफिसात आई नसते, तिथे कागद लागतो. सायलीताई, मैत्रिणीला विचारलंत का?

सायली_क
नाही. तिला अवघड वाटेल म्हणून नाही विचारलं.

शब्दवेडा
अवांतर: आदरार्थी बहुवचन वापरलं तरी 'ते' आणि 'त्या' राहतातच. 'आपण' मात्र चालतं, 'आपण कधी येणार?' यात लिंग नाही. यावर वेगळा धागा काढावा काय?

जुना_वाचक
भारतात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं, कलम ६. मग कागदपत्रांवर नाव बदलता येतं. कुणाला लागलं तर सांगेन.

प्राची_म
काका, त्यांनी नाव बदलायचं विचारलेलं नाही.

टेम्स_काठी
एक कामाचं: एकासला, म्हणजे नोकरीतल्या वादांवर सल्ला देणाऱ्या तिथल्या संस्थेला, फोन करा, फुकट सल्ला देतात. आणि प्रकरण वाढलं तर न्यायाधिकरणात दावा करायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच धरून चाला. ती मेल आली ती तारीख लिहून ठेवा.

निमा
याला सहमत. आणि गटाचं काय? शनिवारच्या गटात सभासद किती? पंचवीस किंवा जास्त असतील आणि प्रवेशाचे नियम असतील तर समानता कायद्याची 'असोसिएशन'ची कलमं लागतात. कमी असतील तर ती लागत नाहीत. अशा भांडणात मोठमोठे गट फुटलेत. १९८९ पासूनच्या स्टोनवॉल या समलिंगी हक्कांच्या संस्थेने २०१५ मध्ये ट्रान्स हक्कांचं काम हाती घेतलं, आणि २०१९ मध्ये न पटलेल्या काही जुन्या कार्यकर्त्यांनी एलजीबी अलायन्स हा वेगळा गट काढला. त्या अलायन्सच्या धर्मादाय नोंदणीविरुद्ध ट्रान्स मुलांसाठी काम करणारी मर्मेड्स ही संस्था अपिलात गेली, ते २०२३ मध्ये फेटाळलं गेलं. चार वर्षं दोन्हीकडच्या लोकांची ताकद यात गेली. तुमच्या वीस-पंचवीस जणींना ते परवडणार नाही.

सायली_क
रविवारी रात्री तिला फोन केला. पाऊण तास बोललो. ती म्हणाली, 'असुरक्षित वाटलं' असं मी नाही कळवलं, मला तर तुझा प्रश्न ऐकून बरं वाटलं होतं. कोणी कळवलं ते दोघींनाही माहीत नाही. एचआरला हे पाठवलं: 'माझा प्रश्न कोणत्याही सहकाऱ्याविरुद्ध नव्हता. खोलीत आतून बंद होणारे कप्पे करावेत, सर्वनामं ऐच्छिक ठेवावीत, आणि एप्रिल २०२५ च्या निकालानंतर मसुदा कायदेतज्ज्ञाने तपासला आहे का ते कळवावं.' कप्प्यांच्या मागणीखाली तिनेही नाव घालायला सांगितलं, घातलं. सर्वनामांबद्दल तिचं मत वेगळं आहे, ते ती स्वतंत्र लिहिणार आहे. गुरुवारी बोलावलंय.

स्क्रू_ड्रायव्हर
कप्प्याची रुंदी निदान तीन फूट मागा. नाहीतर कोपर आपटतं.

निमा
आणि गटातल्या सभासदांचा आकडा राहिलाच.

सायली_क
आता मोजले. चोवीस. दोघींचे अर्ज शनिवारी यायचेत.