भावाच्या बोटात चुंबक आहे आणि गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय – मदत हवी आहे

कृष्णाकाठची (सांगली):

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचा गुडघा कबड्डी खेळताना पिरगळला. सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा निसटतो म्हणतो. हाडांच्या डॉक्टरांना एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) फाटल्याची शंका आहे, म्हणून एमआरआय सांगितला. सेंटरवर फॉर्म भरताना 'अंगात कुठे धातू आहे का' या रकान्यापाशी तो अडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, डाव्या हाताच्या अनामिकेत चुंबक आहे." तिथल्या तंत्रज्ञांनी ऐकल्याबरोबर त्याला बाहेरच बसवलं. आधी तो काढून या, मग बघू, म्हणाले.

चुंबक गेल्या वर्षी बसवलाय. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मित्राने वसतिगृहाच्या खोलीत बोटाला चीर देऊन आत सारला. तीनेक मिलिमीटर व्यासाची निओडिमियमची चकती, वर निकेलचा मुलामा आणि त्यावर पोरांनी घरीच चढवलेला कसला तरी लेप. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेली, म्हणजे शरीरात घालायला बनवलेली वस्तू नव्हेच.

त्याला झापू नका, ही आधीच विनंती. तो उनाड मुलगा नाही. त्याने हे का केलं ते मला त्याने बसून समजावलं आणि मला ते पटलं नाही तरी कळलं. मिक्सरच्या बुडाशी, पाण्याच्या मोटारीजवळ, जुन्या जड ॲडॅप्टरजवळ हात नेला की चुंबक आतल्या आत थरथरतो आणि बोटाच्या टोकाचे मज्जातंतू ती थरथर पकडतात. आपल्या घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचं क्षेत्र त्याला कातडीखाली जाणवतं. मॉलच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या खांबांमधून जाताना बोट आपोआप ताठ होतं म्हणतो. डोळे मिटून त्याने मला पंखा चालू आहे की बंद ते रेग्युलेटरवर बोट ठेवून सांगून दाखवलं. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता की मला ओरडवलं नाही.

पण काळजीची गोष्ट अशी की हल्ली जाणीव मंदावलीय आणि चकतीच्या वरची कातडी काळपट दिसते. दुखत नाही. दाबलं तर कडेला काहीतरी टोचतं.

तर माझे प्रश्न. एमआरआय फक्त गुडघ्याचा आहे, हात बाहेर ठेवून चालेल का? नसेल तर हा चुंबक काढायचा कुणाकडे, त्वचेच्या डॉक्टरांकडे की सर्जनकडे? पोलिसांचं काही लफडं होईल का? घरात आजीला पेसमेकर आहे, तिच्याजवळ बसलेलं चालतं का? आणि शेवटचं: काढल्यावर तो थांबणार नाहीये. पुढे मनगटात बॅटरीवर चालणारं, अंगाचं तापमान मोबाईलला पाठवणारं सर्किट घालायचं त्याच्या डोक्यात आहे. यावर त्याच्याशी बोलताना नुसतं 'नको' सोडून काय सांगू?

मिरजमामी:

आईवडिलांना सांगितलंस का गं? नसेल तर आज सांग. उद्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना कळण्यापेक्षा बरं. मुलगा सज्ञान आहे, सही त्याचीच लागेल, पण घरात लपवाछपवी नको.

क्षकिरण (नाशिक):

ताई, एमआरआय तंत्रज्ञ म्हणून सांगतो, चुंबकासकट त्याला त्या खोलीत जाऊ देऊ नका. हात बाहेर ठेवतो, मूठ आवळून धरतो, पट्टी बांधतो, काहीही सांगितलं तरी नाही. सेंटरवाल्यांनी थांबवलं ते अगदी बरोबर.

लोकांना वाटतं यंत्र सुरू केल्यावर ओढ लागते. तसं नसतं. आतल्या अतिवाहक तारांचं वेटोळं द्रव हेलियममध्ये असतं आणि क्षेत्र चोवीस तास चालू असतं, रात्री सेंटरला कुलूप असलं तरी. आपल्याकडची यंत्रं बहुतेक 1.5 किंवा 3 टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि जिवाला मुकला. तेव्हा तपासणी सुरूही नव्हती.

साध्या लोखंडाला मुख्यतः ओढ लागते. चुंबकाला स्वतःचे ध्रुव असतात, त्यामुळे तो यंत्राच्या क्षेत्राच्या दिशेला वळू बघतो आणि कातडीच्या आत पीळ घेतो. बोटाचं मांस त्याला कितीसं धरून ठेवणार? वर चुंबकत्व जायची भीती असतेच.

कुणी म्हणेल, ऐकू यावं म्हणून बसवलेल्या कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्येही चुंबक असतो, त्यांचा एमआरआय होतोच की. होतो, कारण कुठलं मॉडेल, किती टेस्लापर्यंत चालेल, डोक्याला घट्ट पट्टी बांधायची की चुंबक तात्पुरता काढायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आम्ही ती पुस्तिका वाचून निर्णय घेतो. तुमच्या भावाच्या चकतीला कागद नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन मात्र बिनधास्त करा, त्यांना चुंबकाची अडचण नाही.

शल्यक:

हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडे जा. जनरल सर्जनही काढतील, पण बोटाच्या टोकाला मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या इतक्या दाटीने असतात की हातावर रोज काम करणारा माणूस बरा.

आधी बोटाचा दोन बाजूंनी एक्स-रे काढा. निओडिमियम फार ठिसूळ असतं, आणि मुलामा तडकला की अंगातल्या ओलाव्याने गंजतं. काळपट कातडी, मंदावलेली जाणीव आणि टोचणारी कड यांवरून मला चकती फुटल्याची शंका येते. क्विन नॉर्टन या अमेरिकन पत्रकार बाईंनी असाच चुंबक बसवून घेतला होता आणि 2006 मध्ये 'वायर्ड'मध्ये त्यावर लिहिलं होतं. त्यांचा तर सिलिकॉनचं आवरण घालून, हातखंडा कारागिराने बसवलेला होता. तरी आवरण फाटलं, बोट चिघळलं आणि डॉक्टर काढायला गेले तेव्हा चुंबकाचे तुकडे झाले.

सर्जनना वेळ घेतानाच सांगून ठेवा की आत चुंबक आहे. आमचे चिमटे स्टीलचे. चकती उचलायला गेलं की ती चिमट्यालाच चिकटते, सोडवायला गेलं की दुसऱ्या हत्यारावर उडी मारते, आणि फुटलेली असली तर कणाकणाने पसरते. टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची हत्यारं आधी मागवून ठेवता येतात. बोट बधिर करून होणारं छोटं काम आहे. शरीराने चकतीभोवती तंतूंची पिशवी विणलेली असते, तीही काढावी लागते. नंतर पुन्हा एक्स-रे, कण उरला नाही हे बघायला.

तोवर दाबून, पिळून बघणं पूर्ण बंद. बोटाच्या टोकाच्या आत तंतूंचे पडदे असतात, त्यामुळे पू झाला तर त्याला पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि हाडापर्यंत जातो. ठणक लागून झोप उडाली, टोक टणक झालं किंवा बोट सरळ करताना कळ आली तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचारा.

गुडघ्याचं म्हणाल तर घाबरू नका. एसीएलचं ऑपरेशन बहुतेकदा सूज उतरून गुडघा पुरता हलायला लागल्यावरच करतात, त्यामुळे बोट भरेपर्यंत थांबता येतं. हाडांच्या डॉक्टरांनाही खरं कारण सांगा. फारच गरज पडली तर सांध्यात औषध सोडून सीटी काढतात, तो पर्याय त्यांना माहीत असतो. फक्त गुडघा अडकून सरळच होईना झाला तर लगेच दाखवा.

पोलिसांचं म्हणाल, तर सज्ञान मुलाने स्वखुशीने केलेल्या गोष्टीला इतकं घाबरू नका. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरचं कर्तव्य आहे. 'काच गेली', 'खिळा गेला' अशी गोष्ट रचून नेऊ नका. आम्ही हत्यारं त्या हिशेबाने निवडतो.

आजींच्या पेसमेकरची चिंता योग्य आहे. चुंबक जवळ आला की पेसमेकर ठरावीक ठोक्यांवर जातो, तशी त्यात सोयच असते. चकती छोटी आहे, शेजारी बसून गप्पा मारायला काही हरकत नाही. छातीवर, खांद्याखाली तो हात ठेवायचा नाही, वीतभर अंतर पाळायचं.

पिट्सबर्गकर:

मी बारा गावचं पाणी प्यायलेला इलेक्ट्रॉनिक्सवाला, आणि माझ्या अंगठ्याजवळ काचेच्या नळीतली एनएफसी चिप आहे (फोन जवळ नेला की बिनतारी माहिती देते ती). त्यामुळे भावाशी बोलायचं असेल तर मी एका पायावर तयार आहे. अशा मुलाला 'वेडा आहेस' म्हटलं की तो पुढच्या वेळी कुणालाच न सांगता करतो.

त्याला केविन वॉरिक यांचं उदाहरण द्या. रीडिंग विद्यापीठातले हे प्राध्यापक. 24 ऑगस्ट 1998 रोजी त्यांनी दंडात चिप बसवून घेतली, ती डॉक्टरकडून, आणि नऊ दिवसांत काढलीही. 2002 मध्ये शंभर सुयांचा इलेक्ट्रोड मनगटाच्या मज्जातंतूत बसवला तो ऑक्सफर्डच्या रुग्णालयात, शल्यविशारदांच्या हातून. कुतूहल तेच, पण भोवती माणसं होती.

बॅटरीचं सर्किट मात्र नकोच. आमच्या पिट्सबर्गच्या टिम कॅनन यांनी 2013 मध्ये नेमकं हेच केलं होतं: कोपराखालच्या हातात पत्त्यांच्या जोडाएवढं यंत्र, अंगाचं तापमान ब्लूटूथने फोनला. डॉक्टर तयार नव्हते म्हणून जर्मनीत बॉडी मॉडिफिकेशन (हौसेखातर अंगात वस्तू बसवून देणं) करणाऱ्याकडून बसवलं. तीनेक महिन्यांत काढावं लागलं. लिथियम बॅटरी फुगली किंवा गळली तर कातडीखाली ती बघायलाही येत नाही. माझ्या चिपला बॅटरीच नाही. 2 मिलिमीटर जाड, 12 मिलिमीटर लांब, फोन जवळ आला की त्याच्याच क्षेत्रावर चालते. आणि खरं सांगू, ती जे करते ते सगळं एनएफसीची अंगठी करते. आज पुन्हा करायचं झालं तर मी अंगठीच घेईन.

विजेची थरथर हवी असेल तर तेवढीच चकती चिकटपट्टीने बोटाच्या टोकाला बांधून बघू दे. जाणीव कमी येते, पण येते. तापमानाचं सर्किट पट्ट्यावर बांध म्हणावं. चूक सापडली की सोल्डरिंग करून सुधारता येतं, टाके घालावे लागत नाहीत.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. मामी, आईबाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग एकच विचारलं, "दुखतं का रे?"

कोल्हापूरला हाताच्या सर्जनकडे एक्स-रे काढला. शल्यकदादा म्हणाले तेच निघालं, चकतीचे दोन तुकडे आहेत आणि कडेला बारीक भुगा. पुढच्या आठवड्यात काढणार आहेत, प्लास्टिकचे चिमटे ते मागवून ठेवतायत. तुकडे त्यालाच देणार म्हणाले, त्यामुळे स्वारी जरा खूश आहे. पिट्सबर्गकर, तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून त्याचा नंबर देते, रविवारी सकाळी त्याच्याशी बोलाल का? तुमचा मजकूर त्याने दोनदा वाचला आणि अंगठ्यांच्या किमती बघत बसलाय.

क्षकिरणदादा, काढल्यानंतर सेंटरवर काय दाखवायचं?

क्षकिरण:

काढल्यानंतरच्या एक्स-रेची फिल्म आणि सर्जनचं पत्र, 'धातूचा कण शिल्लक नाही' असं स्पष्ट लिहून सही-शिक्क्यासह. फॉर्मवर तो रकाना तरीही 'होता, काढला' असाच भरा आणि तारीख टाका. भुगा उरलाय अशी जरा जरी शंका असली तर त्या दिवशीची वेळ रद्द करा, पैसे बुडाले तरी चालतील.