पंचांचा निर्णय आणि सामन्यानंतरचा माइक : सीमाभागातील फुटबॉलप्रेमींचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला फुटबॉलप्रेमी गोवा, कोल्हापूर आणि बंगळूर अशा तिन्ही दिशांना डोळे लावून बसलेला असतो, त्यामुळे पंचांच्या निर्णयांवरचे वादही आपल्याकडे तिन्ही बाजूंनी येतात. एखादा वादग्रस्त निर्णय तुम्ही प्रत्यक्ष पाहिला असेल, तर तेव्हा काय घडले आणि सामन्यानंतर प्रशिक्षक व खेळाडू माध्यमांसमोर जे बोलले त्यामुळे तो वाद मिटला की चिघळला, हे या धाग्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती. माझे मत आधीच मांडतो. हरलेल्या प्रशिक्षकाला राग शांत होण्याआधीच माइकसमोर उभे करायचे आणि ज्याने निर्णय दिला त्या पंचाला मात्र गप्प ठेवायचे, ही पद्धत दोघांवरही अन्याय करते. असहमत असणाऱ्यांनीही अवश्य लिहावे. स्थानिक पंच, खेळाडू वा क्लब यांची नावे घेऊ नयेत, एवढेच पथ्य पाळावे.

टिळकवाडी, बेळगाव

३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये बंगळूर एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यातील आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) बाद फेरीचा सामना मी पाहत होतो. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली आणि जादा वेळेत, ९६व्या मिनिटाला, ब्लास्टर्सचा गोलरक्षक बचावपटूंची भिंत लावण्यात गुंतलेला असताना बंगळूरच्या सुनील छेत्रीने फ्री किक थेट मोकळ्या जाळ्यात मारली. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि तो संघ परत आलाच नाही.

नियमाप्रमाणे फ्री किक पटकन घेता येते. मात्र पंचाने शिट्टीची वाट पाहायला सांगितले असेल, तर शिट्टीआधी चेंडू मारता येत नाही. म्हणजे सगळा वाद पंच खेळाडूंशी काय बोलले या एकाच मुद्द्यावर येऊन थांबत होता आणि नेमके तेच गॅलरीत कोणालाही ऐकू गेले नव्हते. मला शिट्टी किंवा भिंत नको, असे आपण पंचांना सांगितले होते, हे छेत्रीने सामन्यानंतर माध्यमांना सांगितले. पंचांची बाजू मात्र त्या रात्री आमच्यापर्यंत पोहोचली नाही. परतताना राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या डब्यात अर्ध्या रात्रीपर्यंत हाच वाद चालू होता आणि दोन्ही बाजूंचे लोक केवळ अंदाजावर बोलत होते. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सला ४ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली. शिक्षा योग्यच होती, कारण मैदान सोडणे कोणत्याही परिस्थितीत मान्य होऊ शकत नाही. पण पंचांच्या तोंडून दोन वाक्ये त्याच रात्री कळली असती, तर आमच्यासारख्यांचा निम्मा राग तिथेच विरला असता.

कॅम्प, बेळगाव

मी शालेय आणि क्लब पातळीवरच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो आणि धागाकर्त्याच्या मताशी मी सहमत नाही. लेले मैदानावरच्या एका सामन्यात मी ऑफसाईड (चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक खेळाडू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असणे) देऊन गोल नाकारला, तेव्हा सामना संपताच चार-पाच पालक मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. व्हिडिओ गोलाच्या मागून, कोपऱ्यातून तिरका काढलेला होता आणि त्यात आक्रमक खेळाडू स्पष्टपणे मागे दिसत होता. ऑफसाईड पाहायचा असेल, तर शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी सरळ रेषेत उभे राहावे लागते; लाईनमन सामनाभर त्यासाठीच बाजूच्या रेषेवर धावत असतो. तिरक्या कोनातून पुढचा माणूस मागे आणि मागचा पुढे दिसतो. मी हे समजावून सांगत असतानाच एकाने तेही चित्रित करायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत माझे अर्धे वाक्य गावभर फिरत होते.

स्वीडनचे पंच अँडर्स फ्रिस्क यांचे उदाहरण मी विसरू शकत नाही. २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यानंतर चेल्सीचे प्रशिक्षक होझे मोरिन्यो यांनी त्यांच्यावर आरोप केले, त्यानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या आणि त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. आरोप खोटे ठरवून युएफाने (युरोपीय फुटबॉल संघटनेने) मोरिन्यो यांच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. पण फ्रिस्क परत आले नाहीत. अशा वातावरणात पंचाला माइकसमोर उभे करणे म्हणजे त्याला जमावाच्या हवाली करणे होय.

निपाणी

आम्ही मोठे सामने पाहायला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जातो. तेथे पेठांचा अभिमान पणाला लागलेला असतो आणि पेनल्टी दिली की गॅलरीचा निकाल पंचाच्या आधी लागतो. कॅम्पच्या पंचांनी लिहिलेली भीती खरी आहे, याला मी साक्ष देतो.

खानापूर

मी महाविद्यालयाच्या संघातून बचावफळीत खेळते. ११ जून २०२४ चा दोहा येथील विश्वचषक पात्रतेचा भारत-कतार सामना आम्ही मैत्रिणींनी एकत्र बसून पाहिला. छांगतेच्या गोलमुळे भारत पुढे होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, आपले खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसुफ आयमनने गोल केला. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांना साहाय्य करण्याची व्यवस्था, नव्हती. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल कायम ठेवला, भारत २-१ असा हरला आणि पुढच्या फेरीची संधी गेली. महासंघाने तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल तोच राहिला.

त्यानंतरच्या मुलाखती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, त्यांनाच “आता कसे वाटते?” हा प्रश्न विचारला जात होता. चेंडू बाहेर गेलेला साऱ्या जगाने पाहिला होता; तो कोणाला दिसला नाही आणि का दिसला नाही, हे ज्याने सांगायचे त्याच्यापुढे माइक नव्हता. माझा राग त्या पंचांवर नाही, त्या व्यवस्थेवर आहे.

शहापूर, बेळगाव

मी अनेक वर्षे वृत्तपत्राचे क्रीडापान सांभाळतो, म्हणून पत्रकारांची बाजू लिहितो. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये प्रशिक्षकाला सामन्यानंतर प्रसारकांसमोर आणि पत्रकार परिषदेत यावेच लागते. आम्हाला पान सोडायची घाई असते, म्हणून पहिलाच प्रश्न पंचांविषयी जातो, कारण मथळा तिथेच मिळतो. बोलले तर कारवाई, आलेच नाहीत तरी कारवाई, अशा कात्रीत प्रशिक्षक सापडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलकडून १-० ने हरल्यावर आर्सेनलचे मिकेल आर्टेटा पंचगिरीवर जाहीरपणे संतापले; त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले आणि महिनाभराने ते निर्दोष सुटले.

याउलट, सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा वैध गोल ऑफसाईड ठरला, तेव्हा पंचांच्या संघटनेने चूक मान्य केली आणि काही दिवसांतच व्हीएआर कक्षातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण जाहीर केले. ते ऐकल्यावर कळले, की मैदानावर गोलच दिला होता अशा समजुतीने ‘तपासणी पूर्ण’ असे सांगितले गेले होते. कटाचा संशय घेणाऱ्यांना ते संभाषण ऐकवा. गोंधळलेली माणसे ऐकू येतात, बेइमान नव्हे. जर्मनीत पंच सामन्यानंतर स्वतःही बोलतात आणि तेथील फुटबॉल त्यामुळे कोसळलेला नाही.

धागाकर्ता

कॅम्पच्या पंचांची भीती मी मान्य करतो. माइक हा शब्द मी मागे घेत नाही, पण त्याचा अर्थ उलटतपासणी असा नाही. २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हीएआर पाहून आल्यावर पंच स्वतः स्टेडियमला निर्णय सांगत होत्या. तेवढेच हवे आहे : निर्णय काय आणि कोणत्या नियमाने.

कॅम्प, बेळगाव

तेवढ्याला माझी हरकत नाही. त्या मोबाइलच्या प्रसंगानंतर मी सामना संपला की दोन्ही कर्णधारांना मध्यरेषेवर एकत्र बोलावतो, वादग्रस्त निर्णयाचे कारण दोघांसमोर सांगतो आणि तेच शब्द अहवालात लिहितो. पालक आले, तर त्यांना कर्णधाराकडे पाठवतो. आयोजकांनी अहवालातील ते वाक्य दुसऱ्या दिवशी फलकावर लावावे, अशी सूचना मी यंदाच्या शालेय स्पर्धेच्या बैठकीत मांडणार आहे. शहापूरच्या क्रीडापत्रकारांनी तेच वाक्य बातमीत छापावे.