शब्दचर्चा : स्विच आयपी पत्ता ‘आपोआप मिळवतो’ की ‘मागून घेतो’?

प्रश्न

भोसरीतील एका कारखान्यात नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. आयटीआय करून नव्याने रुजू होणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत एक माहितीपत्रक लिहीत आहे. त्यात ‘स्विच आयपी पत्ता आपोआप मिळवेल अशी सोय करणे’ असे शीर्षक दिले आहे (स्विच म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण, आणि आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरील ओळखीचा क्रमांक). सहकाऱ्यांना ‘आपोआप’ खटकते. ते ‘स्वयंचलितपणे’ सुचवतात. शिवाय ‘लीज’साठी, म्हणजे पत्ता ठरावीक काळापुरता दिला जातो त्यासाठी, ‘भाडेपट्टा’ लिहावे का, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. जखम आपोआप भरते, दार वाऱ्याने आपोआप लागते. म्हणजे कोणी काही न करता जे घडते त्याला आपण ‘आपोआप’ म्हणतो. डीएचसीपीत, म्हणजे सर्व्हरकडून उपकरणांना आयपी पत्ते देण्याच्या पद्धतीत, असे काहीच घडत नाही. पत्ता नसलेला स्विच 0.0.0.0 या पत्त्यावरून 255.255.255.255 कडे, म्हणजे आपल्या टापूतील सर्वांना उद्देशून, हाक देतो. ती ऐकणारा सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. स्विच त्याच पत्त्याची रीतसर मागणी करतो आणि मग सर्व्हर ती मंजूर करतो. हाक, देऊ करणे, मागणी आणि मंजुरी असा चार पायऱ्यांचा हा व्यवहार आहे. ‘स्वयंचलितपणे’ हा शब्द भारदस्त असला तरी देणारा आणि घेणारा दोघांनाही तो झाकून टाकतो.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. नारायण पेठेतील एका कार्यालयात बसवलेल्या नव्या स्विचला पत्ता येत नव्हता. दिवे लुकलुकत होते, सगळे संगणक चालत होते, कारण माहिती इकडून तिकडे पोहोचवण्यासाठी स्विचला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. तो लागतो आपल्याला दुरून त्याच्यात शिरून मांडणी बदलण्यासाठी. तेथील मुलगा दुपारभर स्विच बंद-चालू करत बसला होता, कारण हातातल्या कागदावर ‘पत्ता आपोआप मिळेल’ एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात स्विच व्हीलॅन 1 मध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगळे भाग) हाक देत होता आणि सर्व्हर व्हीलॅन 20 मध्ये होता. मधे हाक पुढे पोहोचवणारे कोणी नसेल, तर ती व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. कागदावर ‘स्विच पत्ता मागतो’ असे असते, तर ‘कोणाकडे मागतो?’ हा प्रश्न त्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता.

आणि गंमत पाहा, आपल्या बोलण्यात नेमका शब्द आधीपासून आहे. काम करणारा कोणीही ‘स्विच आयपी घेत नाहीये’ असेच म्हणतो. लिहायला बसल्यावर मात्र ‘घेणे’ जाऊन ‘प्राप्त करणे’ येते. तुम्ही ‘घेणे’च ठेवावे.

‘आपोआप’विरुद्ध आणखी एक कारण आहे. मार्च 1997 च्या आरएफसी 2131 या डीएचसीपीच्या प्रमाण दस्तऐवजात पत्तावाटपाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे उपकरणाला कायमचा पत्ता देणे. आपण रोज वापरतो ते मुदतीचे वाटप, त्याला तेथे ‘डायनॅमिक’ म्हटले आहे. या ‘डायनॅमिक’साठी ‘गतिमान’ लिहू नये, त्यात वेगाचा काही संबंध नाही. ‘बदलता’ही पुरेसा नाही, कारण मुदत वेळेवर वाढत राहिली तर तोच पत्ता महिनोन्महिने टिकतो. मी ‘मुदतीचा पत्ता’ लिहितो.

त्यातूनच ‘लीज’चे उत्तर निघते. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या कोणालाही मुदत आणि नूतनीकरण समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे ‘भाडेपट्टा’ मोहात पाडतो. परंतु येथे भाडे नाही आणि पट्टाही नाही. नुसते ‘मुदत’ ठेवले की बाकीची क्रियापदे सहज जुळतात: मुदत वाढवून घेणे, मुदत संपणे, पत्ता सोडणे. मुदत 24 तासांची असेल तर स्विच सर्वसाधारणपणे 12 तासांनी त्याच सर्व्हरकडे वाढ मागतो, आणि ती न मिळाल्यास 21 तासांनंतर जो कोणी सर्व्हर ऐकेल त्याच्याकडे मागतो.

उपप्रश्न

चौथ्या पायरीला ‘पोच’ का म्हणू नये? मूळ ‘ॲक्नॉलेजमेंट’ या शब्दाचा अर्थ तोच आहे आणि कचेरीत तो रुळलेला आहे.

प्रतिसाद

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची खूण. अर्ज मान्य झाला असे त्यातून कळत नाही. येथे सर्व्हरच्या चौथ्या संदेशाने पत्ता प्रत्यक्ष स्विचच्या नावावर होतो, आणि सर्व्हर नकारही देऊ शकतो. ‘मंजुरी’ आणि ‘नामंजुरी’ ही जोडी त्यासाठी चपखल बसते, ‘पोच’ला तशी जोडी नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. आमचे स्विच सिस्कोचे असल्याने तो परिच्छेद आता असा केला आहे: ‘स्विचने डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता मागून घ्यावा यासाठी इंटरफेस व्हीलॅन 1 मध्ये जाऊन “आयपी ॲड्रेस डीएचसीपी” आणि नंतर “नो शटडाऊन” ही आज्ञा द्यावी. मग “शो आयपी इंटरफेस ब्रीफ” ही आज्ञा देऊन पाहावे. पत्त्याच्या जागी “अनअसाइन्ड” दिसल्यास मंजुरी आलेली नाही असे समजावे, आणि स्विच पुन्हा चालू करण्याआधी त्या व्हीलॅनमध्ये पत्ता देणारा सर्व्हर आहे का, हे तपासावे.’ प्रत्येक स्विचसाठी सर्व्हरवर त्याच्या मॅक पत्त्यानुसार (कारखान्यातच दिलेल्या ओळखक्रमांकानुसार) एक आयपी पत्ता बाजूला ठेवतो, त्याला ‘राखीव पत्ता’ लिहिले आहे. रेल्वेच्या आरक्षणामुळे मुलांना तो शब्द ओळखीचा आहे.