तेरा सेकंदांनी २०१३चा मोसम पुसला जात नाही

ऑबर्नवासी

काल येथे एका सदस्याने लिहिले की, अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २०१३चा मोसम हा निव्वळ काकतालीय न्याय होता: दोन चेंडू दैवयोगाने हाती लागले, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना गमावला आणि तरीही आम्ही इतकी वर्षे त्याच आठवणी उगाळत बसलो आहोत. हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ऑगस्ट २०१२मध्ये एम. एस. करण्यासाठी ऑबर्नला आलो. त्या वर्षी संघाने बारापैकी नऊ सामने गमावले, एसईसी या आमच्या विद्यापीठ-गटातले तर आठच्या आठ. टेक्सस ए अँड एमने आमच्याच मैदानावर ६३-२१ असे झोडपले तेव्हा शेवटच्या पावात आमच्या रांगेत मी आणि माझा खोलीसोबती असे दोघेच उरलो होतो. मोसमाचा शेवट अलाबामाकडून ४९-० असा झाला. प्रशिक्षक जीन चिझिक गेले, गस माल्झान आले, आणि ज्यांच्याखाली गाव विजय साजरे करायचे ते टूमर्स कॉर्नरचे ओकवृक्षही, अलाबामाच्या एका चाहत्याने विष घातल्यामुळे, एप्रिलमध्ये तोडावे लागले. ज्याने हे वर्ष पाहिले नाही, त्याला पुढचे वर्ष कळणार नाही, असे माझे ठाम मत आहे. १४ सप्टेंबर २०१३ रोजी मिसिसिपी स्टेटविरुद्ध अवघे दहा सेकंद उरले असताना आमच्या उझोमाने चेंडू झेलला आणि आम्ही २४-२० असे जिंकलो, तेव्हा माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या आठवणीला कोणताही चषक लागत नाही.

जॉर्जियाविरुद्धचा झेल नशिबाचा होता, हे मी नाकारत नाही. चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याची शेवटची संधी, १८ यार्ड हवे होते, चेंडू त्यांच्याच बचावपटूंच्या हातांना लागून उडाला आणि आमच्या धावत्या रिकार्डो लुईच्या हातात पडला. परंतु ३० नोव्हेंबरला अलाबामाविरुद्ध शेवटच्या सेकंदाला आमच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू मैदानभर पळवून सामना जिंकून दिला, त्या धावेला नशीब म्हणणे हा अन्याय आहे. ५७ यार्डांचा फील्ड गोल, म्हणजे लाथेने गोलखांबांमधून मारायचा चेंडू, अपुरा पडू शकतो आणि अपुरा पडलेला चेंडू परत पळवता येतो, हे ओळखूनच माल्झान यांनी ख्रिस डेव्हिसला गोलखांबांखाली उभे केले होते. समोर अलाबामाचे बहुतेक जण लाइनमन, म्हणजे टक्कर देणारे धिप्पाड पण संथ खेळाडू, होते. त्यांच्याकडून तो कसा अडणार? त्या वेळी सांगलीत पहाटेचे पावणेसहा वाजले होते. मी वडिलांना फोन केला, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना तेव्हा काही अशुभ घडले असे वाटून ते मटकन खाली बसले. आजही ते विचारतात, “तो पळाला होता, ते कोणत्या साली?”

टस्कलूसाकर

मी त्या वेळी टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठात होतो, त्यामुळे आपल्या लेखातील निवडक स्मरणशक्ती मला जाणवली. आमच्या मॅकॅरनने अमारी कूपरला चेंडू देऊन गोलरेषेपार पोहोचवलेला ९९ यार्डांचा टचडाउन आपण का विसरलात? सामना ६० मिनिटांचा असतो, आणि त्यांतील बराच काळ आमचा संघ वरचढ होता. फील्ड गोलचे आमचे तीन प्रयत्न वाया गेले नसते, तर घड्याळातला तो शेवटचा सेकंद पंचांकडून मागून घेण्याची वेळच आली नसती.

आणि आठवणींचाच विषय आहे, तर माझी आठवण ऐका. ते तीन प्रयत्न वाया घालवणाऱ्या केड फॉस्टरला त्या रात्री जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्या आमच्याच बाजूच्या लोकांनी दिल्या. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला धीर देणारे पत्र स्वहस्ते लिहिले. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक ४३, आणि बुशही ४३वे राष्ट्राध्यक्ष. शिकत्या वयाच्या मुलाला सावरायला माजी राष्ट्राध्यक्षाला लेखणी उचलावी लागते, अशा खेळाच्या गोड आठवणी मला काढवत नाहीत.

पुणेकर

मला या चर्चेचे मूळच पटत नाही. परक्या विद्यापीठात दोन वर्षे शुल्क भरले, म्हणून त्याच्या संघाचा इतका अभिमान बाळगावा? आमच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, त्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली गेली. मी त्या संघात होतो. सामना हरून परतलो तेव्हा स्वागताला फक्त शिपाईमामा होते, आणि बुडालेल्या परीक्षेसाठी पुढे दोन महिने अर्ज करत फिरावे लागले. तुम्हा लोकांचा हा उमाळा त्या वेळी कुठे होता?

ऑबर्नवासी

पुणेकर, आपल्यावर झालेला अन्याय खरा आहे, पण त्याचा राग माझ्यावर का? आपल्या सामन्याला कोणी आले नाही हे वाईट झाले. म्हणून जेथे ८७ हजार लोक येतात तेथे मी रडू नये, असे ठरत नाही. उलट महाविद्यालयाचा संघ हा गावाचा संघ असू शकतो, हे मला तेथेच प्रथम कळले.

अटलांटाकर

गावाचा संघ खरा, पण मुलांच्या हाती काय आले? फॉस्टरचा विषय निघालाच आहे, म्हणून विचारतो. ऑबर्नच्या ट्रे मेसनने एसईसीच्या अंतिम सामन्यात मिसूरीविरुद्ध ४६ वेळा चेंडू घेऊन ३०४ यार्ड काढले, संघ ५९-४२ असा जिंकला; प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर आडदांड माणसे आदळत होती. त्याबद्दल शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके. प्रशिक्षकांना मात्र कोट्यवधी. माझा मुलगा शाळेत हाच खेळ खेळायचा. गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर खेळ सुटला, आणि खर्च आम्हीच फेडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेविरुद्ध ९-० असा निकाल दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली. मेसन आणि डेव्हिस यांच्यासाठी ती आठ वर्षे उशिरा आली. तुमच्या आठवणी त्यांच्या फुकटच्या श्रमांवर उभ्या आहेत.

टस्कलूसाकर

मुद्दा रास्त आहे, परंतु पैसे आले म्हणून धमक्या थांबल्या का? पैसे घेतोस आणि चुकतोस, असे म्हणायला लोकांना आणखी एक निमित्त मिळाले.

अटलांटाकर

म्हणजे त्याने उपाशी राहून शिव्या खाव्यात, असे आपले म्हणणे आहे का? लोकांच्या दुष्टपणाची किंमत मुलांच्या खिशातून वसूल करू नका.

टस्कलूसाकर

असे मी म्हटलेले नाही. माझे शब्द वाकवू नका. धमक्यांचा बंदोबस्त वेगळा व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऑबर्नवासी

अटलांटाकर, आपले म्हणणे मला बोचते आणि ते नाकारताही येत नाही. त्या दिवशी माझ्या मनात हा विचार आला नव्हता, तो यायला हवा होता. तरीही मूळ आक्षेपाकडे परत येतो. पॅसाडिनात ६ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध आम्ही २१-३ असे पुढे होतो. एक मिनिट १९ सेकंद उरले असताना मेसनच्या धावेने ३१-२७ अशी आघाडी परत मिळाली, आणि १३ सेकंद उरले असताना त्यांच्या विन्स्टनने बेंजामिनला टचडाउनचा चेंडू दिला. ३४-३१ असे आम्ही हरलो. त्या रात्रीचे दुःख मी लपवत नाही. पण आदल्या वर्षी नऊ सामने हरलेला संघ तेथवर पोहोचला तो धावण्याच्या खेळावर, सामन्यामागे सरासरी ३२८ यार्ड पळून. दोन चेंडूंच्या दैवयोगाने इतके यार्ड निघत नाहीत.

टस्कलूसाकर

यार्डांचा हिशेब मान्य. डेव्हिसला मागे उभे करणे ही चाल होती, हेही मान्य, जरी ते लिहिताना माझा हात अडखळतो आहे. जॉर्जियाचा झेल मात्र मी नशिबाच्याच खाती लिहीन.

त्या संध्याकाळी टस्कलूसात आम्ही अकरा मराठी मुले एका खोलीत जमलो होतो. विजयानंतर जेवायचे म्हणून मसालेभात करून ठेवला होता. डेव्हिस पळाला, कोणीतरी दूरचित्रवाणी बंद केली आणि एकेक जण न बोलता निघून गेला. पातेल्याचे झाकण मी थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले.