ल्युबेकचं 'गरिबाघरचं गॉथिक' : त्या प्रवासवर्णनाला उत्तर

ओसरीवरचा
परवाच्या प्रवासवर्णनात उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहराबद्दल एक वाक्य होतं : 'दगड परवडला नाही म्हणून विटा. शार्त्र पाहून आल्यावर हे गरिबाघरचं गॉथिक वाटतं.' (शार्त्र म्हणजे फ्रान्समधलं दगडी कॅथेड्रल, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन युरोपीय शैली.) प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, बाल्टिकच्या किनारपट्टीला खाणीचा दगडच नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे मिळतात, ते इमारतीच्या पायाभरणीत जातात. चिकणमाती मात्र हवी तेवढी. आणि परवडत नव्हतं कोणाला? हान्झाच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, व्यापाऱ्यांना? मारियनकिर्शे हे ल्युबेकचं चर्च त्यांनी बिशपच्या कॅथेड्रलच्या नाकावर टिच्चून उभारलं. आतलं छत 38.5 मीटरवर, विटांच्या कमानींत याहून उंच जगात नाही. बाल्टिककाठच्याच श्ट्रालझुंड शहराच्या नगरगृहाची दर्शनी भिंत तर छपराच्याही वर चढलीय, वरच्या झरोक्यांतून नुसतं आभाळ दिसतं. गरीब माणूस असला खर्च करतो होय?

खडकमाळ
ते वाक्य माझंच. श्रीमंतांनी बांधलं म्हणजे सुंदर, हा तर्क आवडला. शार्त्रच्या मूर्तींनी भरलेल्या एका दारापाशी माझी अख्खी दुपार गेली. ल्युबेकला मान वर करून भिंत बघितली, मग पुढची भिंत बघितली, मग कॉफी प्यायलो.

ओसरीवरचा
विटेवर संत कोरत बसता येत नाही. म्हणून तर साच्यातल्या विटा, काळ्या-हिरव्या झिलईचे पट्टे आणि ती सरळसोट उंची. मूर्ती मोजायला गेलात, तर हात हलवतच परत येणार.

तिरपा_चष्मा
भिंतींचं काय घेऊन बसलात, चित्रांचं बोला! 1942 च्या बाँबहल्ल्यात ल्युबेकचं हे मारियनकिर्शे जळलं, चुन्याखालची जुनी चित्रं उघडी पडली. ती दुरुस्त करायला नेमलेल्या लोथार माल्स्काटनं वरच्या भिंतींवर स्वतःचीच 'मध्ययुगीन' चित्रं काढली. 1951 ला चर्चच्या सातशेव्या वर्षाचा सोहळा, पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर हजर, टपाल तिकिटंसुद्धा निघाली! पुढच्या वर्षी माल्स्काट स्वतःच कबूल झाला तर कोणी विश्वास ठेवेना. शेवटी वकिलामार्फत स्वतःविरुद्धच तक्रार. त्याआधी श्लेस्विग गावच्या कॅथेड्रलात 'तेराव्या शतकातल्या' चित्रात टर्की काढून बसला होता. अमेरिकेतला पक्षी!

खडकमाळ
म्हणजे आत बघण्यासारखं जे होतं तेही खोटं. धन्यवाद, माझं काम सोपं केलंत.

माजघर
हसू नका. आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाला विश्वस्तांनी ऑइलपेंट फासलाय. खांबांना गुलाबी, कीर्तिमुखाला सोनेरी. मी बोललो तर म्हणे, 'पुण्याहून येऊन शिकवू नका.' माल्स्काटनं निदान जुन्यासारखं दिसेल एवढे कष्ट तरी घेतले.

तिरपा_चष्मा
फसवणूक ती फसवणूकच. कोर्टानं तुरुंगात धाडलं त्याला.

माजघर
आणि आमच्या विश्वस्तांचा सत्कार झाला. बोला!

ओसरीवरचा
देवळाचा धागा वेगळा काढा हो. खडकमाळ, तिकडचंच व्हिस्मार शहर पाहिलंत? तिथलं त्याच नावाचं मारियनकिर्शे युद्धात जखमी झालं, आणि 1960 मध्ये पूर्व जर्मन सरकारनं सुरुंग लावून उडवलं. राहिला तो एकटा मनोरा. तो बघून पुन्हा 'गरिबाघरचं' लिहून दाखवा.

खडकमाळ
बरं बाबा, 'गरिबाघरचं' खोडतो. 'श्रीमंतांचं कंटाळवाणं गॉथिक' असं करतो. आता तरी झोपाल?

माजघर
झोपण्याआधी कोणीतरी सांगा, बेसॉल्टवरचा ऑइलपेंट दगड न खरवडता निघतो का? नवरात्रात दुसरा हात देणार आहेत म्हणे.